तिसऱ्या मजल्यावरची काळी माती

यंदा पावसाळ्यात आप्पा आमच्याकडं मुक्कामाला राहणार, हे मी मे महिन्यातच नवऱ्याला ठणकावून सांगितलं होतं. इंद्रजीत मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला की, तुझे आप्पा आपल्याकडं चहा गार होईपर्यंतसुद्धा बसत नाहीत.

ते खरंच होतं. आप्पा म्हणजे माझे वडील, आप्पासाहेब. गावी, पाचोडला, माझ्या भावाजवळ राहतात. आई गेल्यापासून मी त्यांच्या मागं लागले होते, की बीड बायपासला आमचा एवढा फ्लॅट आहे, चार दिवस येऊन राहा. ते येतात, मोसंब्यांची पिशवी टेकवतात, तिसऱ्या मजल्यावरून खाली बघतात आणि दुपारच्या एसटीनं परत जातात. कारण एकच. "इथं पायाखाली माती नाय बाई. करमत नाय." मग जिना उतरताना त्यांची पाठ दिसते, आणि नंतर दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलत नाही.

तर माती वर आणायची, असं मी ठरवलं. गच्चीवर कुंड्या मांडायच्या, मृग लागला की भेंडी, गवार, मेथी लावायची आणि आप्पांना म्हणायचं, या, शेत घरी आणलंय. पावसाळी बागेचे मोबाइलवरचे सगळे व्हिडिओ मी पाठ केले. विमा ऑफिसात माझ्याकडं कुणी पॉलिसीचं विचारायला आलं, तरी कुंडीच्या तळाला भोकं का पाहिजेत हे ऐकूनच परत जायचं. सोसायटीचे सेक्रेटरी श्रीधरकाका यांनी गच्चीची परवानगी दिली. फक्त घाण नको, एवढीच अट घातली.

माती मात्र मला आमच्याच रानातली हवी होती. भावाला, शिवराजला, फोन करून म्हटलं, बागेपुरती माती पाठव. आता शिवराजच्या डोक्यात बाग म्हणजे मोसंबीची. मी ऑफिसात असताना एक टिप्पर आला, सोसायटीच्या फाटकात काळ्याभोर मातीचा डोंगर ओतला आणि निघून गेला.

श्रीधरकाकांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज सभ्य माणसाचा शिवी गिळताना येतो तसा येत होता. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत उचलते. पाऊस संध्याकाळच्या आत आला.

डोंगर हळूहळू बसला आणि पार्किंगभर पसरला. काकांची स्कूटर निम्म्या चाकांपर्यंत रुतली. पहिल्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन आल्या आणि चपला खालीच ठेवून वर गेल्या. ठेवून म्हणजे, त्या चिखलातून निघाल्याच नाहीत. जिन्यात, लिफ्टमध्ये, प्रत्येकाच्या पायपुसण्यावर पाचोड पोचलं. इंद्रजीत वाळूजहून कामावरून आला, तो फाटकाबाहेरूनच फोन करून म्हणाला, मी आज मित्राकडं जेवतो, चिखल वाळला की कळव. काकांनी सांगून टाकलं, की उद्या जेसीबी बोलावून सगळी माती नाल्यात टाकणार. मी रडत शिवराजला फोन लावला. त्यानं तो आप्पांच्या समोरच स्पीकरवर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा फाटकात हजर. धोतर वर खोचलेलं, हातात स्वतःचं फावडं. ते एसटीत कसं चढवलं, कुणास ठाऊक. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. चिखलाचा एक गोळा उचलून तळहातावर दाबला आणि काकांना म्हणाले, "साहेब, ही टाकायची माती नाय. हिच्यात खुंटी ठोकली तरी पालवी फुटंल."

काकांनी पँट दुमडली.

दिवसभर माती उपसली. बरीचशी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गेली, बाकीची गोण्यांतून गच्चीवर. मी भीत भीत म्हटलं, की नुसती काळी माती कुंडीत चालत नाही म्हणतात, थोडी वाळू आणि शेणखत मिसळावं लागतं. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी घराण्यालाच नाव ठेवलं. वाळूचा विषय तिथंच संपला. कुंड्या भरल्या, बी टाकलं. मी आत जाऊन त्यांच्यासाठी गादी घातली, नवी चादर काढली. बाहेर आले तर ते फावडं धुऊन तयार होते. शेवटची एसटी गाठायची होती. ती गादी मला बरेच दिवस उचलवली नाही.

नंतर पाऊस लागून राहिला आणि कुंड्यांची डबकी झाली. मेथी वर यायच्या आधीच कुजली, गवारीचं बी फुगून वर तरंगायला लागलं. आप्पांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी फोनच ठेवून दिला. मातीचा असा अपमान त्यांना सोसला नसावा. शनिवारी ते शेणखताचं पोतं घेऊन आले. वाळूचं नाव त्यांनी काढलं नाही. श्रीधरकाकांना नुसतं म्हणाले, की समोरच्या बांधकामावरून जरा ते आणता का. काका दोन घमेली वाळू घेऊन आले. दोघांनी कुंड्या रिकाम्या केल्या, तळाला विटांचे तुकडे घातले, सगळं मिसळून परत भरलं. तोवर एसटी निघून गेली. चुकली की चुकवली, हे मी विचारलं नाही.

त्या रात्री आप्पा आमच्याकडंच जेवले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्याबद्दल बोलले. न्हाणीच्या पाण्यावर ती दोडका लावायची, आता तिथं काठी रोवायलाही कुणी नाय, म्हणाले. हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. मी वाढायचं निमित्त करून आत गेले.

मग प्रत्येक शनिवार त्यांचा झाला. ते यायचे, गच्चीवर काकांशी भांडायचे, राहायचे, सोमवारी जायचे. घरात तंबाखूचा वास यायला लागला आणि मला झोप चांगली लागायला लागली. आणि व्हायचं तेच झालं. भेंडी आली. गवार आली. काकांनी पूर्ण सोसायटीत पेढ्यांसारखी भेंडी वाटली. आप्पांनी सगळ्या कुंड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जमलं की तुला. आता माझं काय काम?"

पिशवी उचलून गेले.

पुढचा शनिवार नुसताच गेला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी फोन केला.

"आप्पा, भोपळ्यावर मावा पडलाय. पानं किडीनं भरलीत."

"भोपळा कधी लावला व्हता आपण?"

मी जीभ चावली. पलीकडं त्यांनी घसा खाकरला.

"मावा लई वाईट," ते म्हणाले. "येतो उद्या. एका दिवसात जायचा नाय तो."

फोन ठेवला आणि मी तशीच पर्स घेऊन रोपवाटिकेत पळाले. भोपळ्याचं रोप मिळालं. माव्यासकट कुठं मिळतं, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर कृपा करून आजच्या आज कळवा.