बिशप उठला का?

बस्त्याव लोपीसकडे विमानाची पुष्कळ इंजिनं आहेत. विमान एकही नाही.

इंजिनं म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर धावपट्टी येते, त्यांना आधी सांगावं लागतं की ही छोट्या मॉडेल विमानांची इंजिनं आहेत. एक इंजिन तळहातावर मावतं आणि त्याचं सिलिंडर साधारण अंगठ्याएवढं असतं. हे कळल्यावर लोक विचारतात, मग विमान का नाही? हा प्रश्न बस्त्यावला विचारू नये.

"तू कुत्रा पाळलास तर त्याला गाडीला जुंपशील का?" असं तो उलट विचारतो.

मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबीत आमची घरं कुंपणाला कुंपण लावून आहेत. बस्त्याव मूळचा वसईचा. डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात तो कॉम्प्रेसर दुरुस्त करतो, म्हणजे कामासाठी शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. वयाने तो माझ्यापेक्षा बराच मोठा आहे, पण पहिल्याच दिवशी त्याने बजावलं, "अंकल म्हणायचं नाही. इथे सगळे मेट." मी पूर्वी वर्तमानपत्रात होतो हे कळल्यापासून तो मला पेपरवाल्या म्हणतो.

दर शनिवारी दुपारी तो परसात एक टेबल मांडतो. टेबलावर पोळपाट स्क्रूने घट्ट बसवलेला असतो आणि पोळपाटावर इंजिन. इंजिनाला पुढे लाकडी पंखा. तो पंखा बोटाने टिचकी मारून फिरवायचा, की इंजिन सुरू होतं. कधी कधी इंजिन उलटा तडाखा देतं, म्हणून बागकामाच्या हिरव्या हातमोज्याचं एक बोट कापून बस्त्याव ते तर्जनीवर चढवतो. ते काढायचं त्याच्या लक्षात राहत नाही. सुपरमार्केटमध्ये एक हिरवं बोट असलेला माणूस दिसला तर तो बस्त्याव.

इंजिन टाकीतलं तेल संपेपर्यंत चालतं, फार तर दोन-तीन मिनिटं. ते थांबलं की बस्त्याव हिरवं बोट वर करतो आणि विचारतो, "ऐकलंस?"

पहिल्यांदा मी "हो" म्हणालो.

"काय ऐकलंस?"

"आवाज."

"आवाज मिक्सरपण करतो," तो म्हणाला आणि त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलला नाही.

पुढे मी अभ्यास वाढवला. "रागावलेली माशी" या उत्तराला त्याने नकारार्थी मान हलवली. "शिट्टी अडकलेला कुकर" याला बरं म्हणाला. पण त्याच्या मते सर्वोत्तम उत्तर फार पूर्वीच देऊन झालेलं होतं, आणि ते त्याच्या बायकोने, मोनिकाने दिलं होतं. ते पुढे येईल.

या इंजिनांचं तेल बस्त्याव स्वतः बनवतो. रॉकेल, ईथर आणि एरंडेल. वारा आमच्या बाजूला असला की घरात दवाखाना, स्टोव्ह आणि लहानपणीची शिक्षा असा एकत्र वास येतो. कोविडची टाळेबंदी लागली, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी आली आणि नेहमीची दुकानं हद्दीबाहेर गेली. ईथरसाठी तो थंडीत गाडी चालू करायचा स्प्रे वापरू लागला. एरंडेल जवळच्या केमिस्टकडून आणू लागला. काही आठवड्यांनी काउंटरवरच्या मुलीने मास्कआडून हळुवारपणे विचारलं की इतके दिवस त्रास होतोय तर डॉक्टरांशी बोलणार का? फोनवरसुद्धा बोलता येतं.

"इट्स नॉट फॉर मी," बस्त्याव म्हणाला. "इट्स फॉर द बिशप."

त्यानंतर ती बाटली आधीच पिशवीत घालून ठेवायची आणि बिशपची तब्येत विचारायची.

टाळेबंदीत सगळी गल्ली घरून काम करत होती, त्यामुळे आवाजाची तक्रार होणार हे उघड होतं. कोणी केली ते कळलं नाही. काउन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, एक तरुण अधिकारी मास्क लावून आला आणि गेटबाहेर उभा राहिला. विमान उडवायचे नियम त्याने वाचून दाखवले. बस्त्यावने शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की विमान नाही. अधिकाऱ्याने परसात नजर टाकली. टेबल, पोळपाट, लिंबाचं झाड. उडवण्याबाबत नियम होते. न उडवण्याबाबत नव्हते. शेवटी शनिवारी दुपारी थोडा वेळ चालवा आणि शेजाऱ्यांना विचारा, असं सांगून तो गेला. जाताना त्याने कुंपणापलीकडून एक इंजिन ऐकलं. "ऐकलंस?" हे बस्त्यावने त्यालाही इंग्रजीत विचारलं. तो "लाऊड" म्हणाला. नापास.

आता बिशप.

बिशप म्हणजे बस्त्यावच्या संग्रहातलं सर्वांत जुनं इंजिन. एका वारलेल्या म्हाताऱ्याच्या गॅरेजमधलं सामान त्याची बायको काढून टाकत होती, तिथे ते मिळालं. निवडलं मोनिकाने, कारण त्याच्या माथ्यावरचा स्क्रू तिला टोपीसारखा वाटला. घरी आणून बस्त्यावने दुपारभर टिचक्या मारल्या. काही नाही. मोनिका चहा घेऊन आली, कप खाली ठेवला, एक टिचकी मारली, आणि ते सुरू झालं. वसईला ती शिवण शिकवायची. मशीनचं चाक मनगटाच्या एका झटक्यात फिरवायची सवय हातात होती. पुढेही ते तिच्याच हाताने सुरू व्हायचं, त्याच्या हाताने कधीच नाही. सामान्य माणसासाठी उठत नाही म्हणून बस्त्यावने त्याचं नाव बिशप ठेवलं. पाद्री लोकांना हे नाव कळू देऊ नये, अशी मोनिकाची ताकीद होती.

त्या पहिल्या दिवशी इंजिन थांबल्यावर त्याने तिलाही विचारलं होतं, काय ऐकलंस. ती म्हणाली, "मांजरपाट. एका दमात फाडल्यासारखं." यापेक्षा चांगलं उत्तर आजवर आलेलं नाही, असं बस्त्याव सांगतो.

महासाथ सुरू होण्याच्या जरा आधी मोनिकाची आई वसईत पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मोनिका महिन्याभरासाठी गेली. मग ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद झाल्या. तिकिटं निघत आणि रद्द होत. सासूबाई काठी घेऊन चालू लागल्या, मग काठीशिवाय चालू लागल्या, मग मास्क लावून बाजारात जाऊ लागल्या. मोनिका तिथेच.

तेव्हापासून बस्त्यावने बिशपला दर शनिवारी पोळपाटावर चढवायला सुरुवात केली. फोन कढीपत्त्याच्या कुंडीला टेकवलेला आणि फोनमध्ये वसईहून मोनिका. तिथे सकाळ असायची, तिच्यामागे कोंबड्या.

"सुई किती उघडलीस?" ती विचारायची. सुई म्हणजे इंजिनात तेल सोडणारा बारीक स्क्रू.

"तू सांगितलीस तेवढी."

"मग मार."

तो मारायचा. पंखा दोनदा डुलायचा आणि थांबायचा.

"मनगटातून रे. तू माशी हाकलतोयस."

घरात पाहुणे बोलवायला बंदी होती, पण आपल्याच परसात उभं राहून शेजाऱ्याच्या परसात पाहायला नव्हती. हळूहळू कुंपणांवर डोकी दिसू लागली. पलीकडची शर्ली ऐंशीच्या पुढची. खुर्चीवर चढू नका असं तिला मुलीने फोनवर बजावलं होतं, म्हणून ती शिडीवर चढायची. "इज द बिशप अप?" हा तिचा आठवड्यातला पहिला प्रश्न. तिच्या मते इंजिनाला शिव्या दिल्या पाहिजेत; तिच्या नवऱ्याचं गवत कापायचं मशीन त्याशिवाय चालत नसे. काही शिव्या तिने देऊनही दाखवल्या. मोनिकाने वसईत फोनचा आवाज कमी केला.

मागच्या घरातला ट्रक चालवणारा सरदार गुरमीत बराच वेळ पाहत राहायचा आणि दर वेळी एकच म्हणायचा, "अंकलजी, धक्का मार के देखो." तळहातावर मावणाऱ्या वस्तूला धक्का कुठून मारायचा हे त्याने कधी सांगितलं नाही. माझा सहावीतला मुलगा एकदा डोकावला, "डॅड, इट्स जस्ट ब्रोकन," म्हणाला आणि आत गेला. बस्त्यावने त्याला ऐकू न आल्यासारखं केलं, पण संध्याकाळी मला विचारलं, "तुझा पोरगा इंजिनियर होणारे का? नको करू."

शनिवारच्या फोनवर दुसरा एक विषय ठरलेला होता. मोनिकाचा स्लो कुकर, मंद शिजवणारं विजेचं भांडं. वर्षानुवर्षं जळलेलं एरंडेल इंजिनावर लाखेसारखं बसतं, आणि ते काढायचा उत्तम उपाय म्हणजे इंजिन गाडीच्या रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये दिवसभर मंद शिजवणं. कूलंट विषारी असतं. त्यानंतर त्या भांड्यात अन्न शिजवता येत नाही. हे बस्त्यावला ठाऊक होतं. मोनिकालाही.

"ओट्यावर माझा कुकर दिसत नाही."

"कपाटात आहे."

"दाखव."

"कपाट लांब आहे."

एका शनिवारी मात्र ती कुकरबद्दल काही बोलली नाही. बिशप नेहमीप्रमाणे ढिम्म होता. शर्ली शिडीवर, मी कुंपणाशी. मोनिका म्हणाली, "बस्त्याव, मी विचार करतेय, इथेच राहावं. आईला बरं वाटतं. परत तिकीट काढा, परत रद्द, किती दिवस हे? तुझं काय, तुझं चाललंय ना तिथे. जेवतोस, कामाला जातोस, इंजिनं आहेत. माझ्यावाचून काय अडतंय तुझं?"

काही तरी बोलायला हवं होतं. बस्त्याव म्हणाला, "बिशप उठत नाही."

"दुसरी आहेत की," ती म्हणाली. कोंबड्या ओरडल्या आणि नेटवर्क गेलं.

त्या शनिवारी तो कोणाला काही न विचारता टेबल आवरून आत गेला. हिरवं बोट मात्र तसंच होतं.

नंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी मी माडीवरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगला बसलो होतो. थंडी होती. खाली बस्त्याव एकटा होता; शर्ली आत, गुरमीत ट्रकवर. कुंडीला फोन टेकवलेला नव्हता. पोळपाटावर बिशप होता. त्याने सहज, जाता जाता दाराला हात लावावा तशी टिचकी मारली.

मांजरपाट एका दमात फाडलं गेलं.

हा आवाज मी पूर्वी ऐकलेला नव्हता, तरी लगेच ओळखला. पंखा दिसेनासा झाला होता, धूर निळा होता. बस्त्याव हात तसाच हवेत धरून उभा राहिला. मला वाटलं आता तो ओरडेल, फोन काढेल, निदान शर्लीचं दार वाजवेल. त्याने शर्लीच्या कुंपणाकडे पाहिलं. आमच्या कुंपणाकडे पाहिलं. वर पाहिलं नाही. मग हिरवं बोट इंजिनाच्या हवेच्या तोंडावर ठेवलं आणि ते बंद केलं.

मग चिमटीने सुई फिरवली, अगदी शेवटपर्यंत.

शनिवारी टेबल पुन्हा मांडलं गेलं. फोन कुंडीला टेकला. बस्त्यावने टिचक्या मारल्या. एवढ्या मन लावून की कपाळावर घाम आला. शर्लीने शिव्या दिल्या, गुरमीतने धक्का सुचवला.

"नाही ना होत?" मोनिका म्हणाली.

"नाही ना," बस्त्याव म्हणाला. इतक्या समाधानाने हार मानणारा माणूस मी पाहिला नव्हता. "तू असल्याशिवाय नाहीच होत. काय करू?"

"गाढव आहेस," ती म्हणाली. मग, "परवा एजंटला फोन करते. विचारून तरी बघते."

पुढच्या प्रत्येक शनिवारी बिशप उठला नाही. या काळात बाकीची इंजिनं व्यवस्थित चालत होती.

सीमा उघडल्या त्या उन्हाळ्याच्या तोंडावर मोनिका परतली. आता पाहुण्यांना बंदी नव्हती, तरी सवयीने सगळे आधी कुंपणाशीच जमले. शेवटी तिनेच आत बोलावलं. मी टेबलाजवळ होतो. गुरमीतने पेढे आणले होते. शर्लीने शिडी आणली होती, गरज नसताना.

मोनिकाने चहाचा कप खाली ठेवला, पंखा बोटाने हळूच मागे-पुढे केला आणि सुईला हात लावला. मग वर पाहिलं.

"सुई बंद आहे," ती म्हणाली. मराठीत, आणि हळू.

बस्त्याव लिंबाच्या झाडाकडे पाहत होता. "असेल," तो म्हणाला.

"किती दिवस?"

त्याने झाडावरचं एक लिंबू चाचपून पाहिलं.

मग तिने सुई उघडली, हिरवं बोट न घालताच एक टिचकी मारली, आणि बिशप उठला. गुरमीतने "ओये!" केलं, शर्लीने शिडीवर चढून टाळ्या वाजवल्या.

"सो वॉट वॉज रॉंग विथ इट?" शर्ली आवाजाच्या वरून ओरडली.

"नथिंग!" मोनिका ओरडली. "ही जस्ट डझंट नो हाऊ!"

बस्त्यावने सगळ्यांकडे पाहून मान डोलावली. खरंच आहे, मला येतच नाही.

तेल संपलं. इंजिन थांबलं. धूर लिंबाच्या झाडातून वर गेला. त्याने हिरवं बोट वर केलं.

"ऐकलंस?"

"मांजरपाट," मोनिका म्हणाली. "आता माझा कुकर कुठंय ते सांग."