तीन मिस्त्री आणि एक तक्ता

"बेचाळीस ड्रायव्हर, एकतीस बसगाड्या आणि रोज किमान चार जणांचे पोटदुखीचे अर्ज! एवढं सगळं मी एका कागदावर नांदवतो. एका बाथरूमचं काय घेऊन बसलीस?"

हे बोलणाऱ्या गृहस्थांना बसडेपोत सगळे तक्तेसाहेब म्हणत. कोणत्या ड्रायव्हरनं कोणती बस किती वाजता काढायची, याचा तक्ता ते रोज आदल्या दिवशी लावत. त्यांच्या तक्त्याविरुद्ध जायची सूर्याचीही छाती नाही, असं डेपोत म्हटलं जाई. म्हणणारे तक्तेसाहेबच असत, ही गोष्ट वेगळी!

बायको मात्र हसली नाही. तिची आई घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, आणि शनिवारी अकरा वाजता हॉस्पिटल तिला घरी सोडणार होतं. घरातल्या बाथरूमला वीतभर उंबरा, खाली बसायचं जुनं भांडं, आणि धरायला मुठीतल्या जिवाशिवाय काही नाही.

"शनिवारी बाथरूम तयार नसेल, तर मी आईला घेऊन सरळ दादाकडे जाईन," बायको म्हणाली. "आणि तिचा पाय बरा होईपर्यंत तिकडेच राहीन. तीन महिने!"

तीन महिने! तक्तेसाहेबांना स्वतःचा चहासुद्धा जमत नसे. शिवाय सासूबाईंवर त्यांचा जीव होता, हेही खरंच. त्यांनी सोमवार ते शुक्रवार रजा टाकली. शुक्रवारपर्यंतचे डेपोचे तक्ते आधीच लावून ठेवले. शनिवारचा तेवढा शुक्रवारी दुपारी जाऊन लावायचा होता.

मग घरचा तक्ता. चार रंगांत! शेजारच्या वहिनींनी फरशीच्या मिस्त्रींचा नंबर दिला, कोपऱ्यावरच्या दुकानदारानं नळाच्या मिस्त्रींचा, आणि डेपोतल्या कारकुनानं रंगाच्या मिस्त्रींचा. तक्तेसाहेबांनी तिघांनाही फोन केला.

"आणखी माणसं असतील हं. अडचण नको व्हायला."

"अडचण कसली साहेब," प्रत्येक मिस्त्री खोकत म्हणाला, "मला सगळ्यांचं काम माहीत आहे!"

तिघांनाही एकसारखा खोकला. धुळीचा धंदा आहे, तक्तेसाहेबांना कीव आली. तीन माणसं, पाच दिवस, कामं एकाच वेळी. गुरुवारी संध्याकाळी बाथरूम तयार, शुक्रवार हातचा राखलेला!

सोमवारी आठला एक माणूस तीन पिशव्या घेऊन आला आणि दारातच खोकला.

नऊ वाजले. साडेनऊ झाले. "मिस्त्री, बाकीचे दोघं कुठे अडकले?"

"कोण दोघं?"

तक्तेसाहेबांनी रागानं नळाच्या मिस्त्रींना फोन लावला. तो समोरच्या माणसाच्या खिशात वाजला! त्यांनी रंगाच्या मिस्त्रींना लावला. तो एका बाईंनी उचलला. "ते कामावर गेलेत. कुणा साहेबांकडे तीन कामं आहेत म्हणे. फार घाई आहे त्यांना, एकाच माणसाला तीन तीन फोन केले!"

"तुम्ही तीन मिस्त्री नाही?"

"एकच आहे साहेब. फरशी, नळ, रंग, सगळं मीच करतो. एक नंबर माझा, एक दुकानच्या कामाचा, एक बायकोचा."

चार रंगांचा तक्ता चुरगळून कोपऱ्यात गेला. तीन माणसांचं काम एका माणसावर आलं होतं, आणि दिवस तेवढेच होते! दुपारपर्यंत जुन्या टाइल निघाल्या. उघड्या पडलेल्या भिंतीवर तक्तेसाहेबांनी खडूनं नवा तक्ता काढला. एका रकान्यात मिस्त्री, दुसऱ्यात हेल्पर. आणि हेल्परच्या रकान्यात, दुसरं कुणीच नसल्यामुळे, स्वतः!

"यात चहा कुठेय?" मिस्त्रींनी विचारलं.

"चहाला वेळ नाही."

मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. सोमवारीच तक्त्यात चहा आला, दोनदा.

बेचाळीस ड्रायव्हरांना हुकूम सोडणारे तक्तेसाहेब त्या दिवसापासून "साहेब, घमेलं!" म्हटलं की पळू लागले. मंगळवारी नळाची जोडणी गळू लागली, ती पुन्हा करावी लागली. अर्धा दिवस गेला. बुधवारी वॉटरप्रूफिंगचा हात दिला, आणि मिस्त्री भिंतीला टेकून बसले.

"अहो, बसता काय?"

"ते वाळायला माणूस लागत नाही साहेब. वेळ लागतो. तुमच्या तक्त्यात वाळण्याचा रकानाच नाही!"

तक्तेसाहेबांनी घाईघाईनं मिस्त्रींना रंगाला लावलं, आणि स्वतः ओल्या जमिनीला पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. वारा घालताना खिशातला फोन सिमेंटच्या पाण्याच्या बादलीत पडला. बायकोनं तो काढून, पुसून, तांदळाच्या डब्यात पुरला. "तीन दिवस हात लावायचा नाही!"

गुरुवारी दुपारी मिस्त्री भिंतीला टाइल लावू लागले. एक ओळ, दोन ओळी. तक्तेसाहेब घमेली वाहत होते. आपला खडूचा तक्ता टाइलखाली चाललाय, हे त्यांना दिसत होतं. एवढ्या गडबडीत त्याचं काही वाटलं नाही. सगळ्यात खालची ओळ होती, "शुक्र. ३ वा. डेपो." तीही गेली.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता तक्तेसाहेब दोन्ही हातांनी दांडी भिंतीला धरून उभे होते. सासूबाईंना धरायची दांडी! मिस्त्री स्क्रू पिळत होते. "हलू नका साहेब!" साहेब हलले नाहीत. सहा वाजता कमोड बसलं. तक्तेसाहेबांना रडू यायचंच बाकी होतं.

"झालं! चोवीस तास यावर कुणी बसायचं नाही," मिस्त्री म्हणाले. "सिमेंट हललं की सगळं गेलं."

"चोवीस? म्हणजे उद्या संध्याकाळी सहा?"

"आई बारापर्यंत घरी येईल," बायको दारातून थंडपणे म्हणाली. "सहा तास तिनं काय करायचं?"

शनिवारी सकाळी ती बाहेर पडली. जाताना बस, येताना भाड्याची गाडी, एवढंच ठरलेलं होतं.

बारा वाजले. कुणी नाही. दोन वाजले. तक्तेसाहेब बाथरूमसमोर स्टुलावर पहारा देत बसले होते. फोन तांदळात! उरलेली वाळू न्यायला आलेले मिस्त्री म्हणाले, "येतील हो." चार वाजले. गेली ती दादाकडे! तीन महिने! त्यांना घर एकदम फार मोठं वाटायला लागलं.

सहाला पाच मिनिटं असताना दारात गाडी थांबली. चाकाच्या खुर्चीतून सासूबाई आल्या, मागून बायको, लालबुंद!

"सकाळी आठपासून स्टॉपवर उभी होते! एक बस नाही, रिक्षा मिळेल तर शपथ! डेपोत सगळे ड्रायव्हर हातावर हात धरून बसलेत, तक्ताच लागला नाही आणि साहेबांचा फोन लागत नाही म्हणून! तीनला कुठे पहिली बस निघाली. हॉस्पिटलला पोचायलाच चार वाजून गेले. मी दादाकडेच नेत होते, पण आई म्हणाली, सहा वाजतीलच, घरी चल. अहो, शनिवारचा तक्ता कोण लावणार होतं?"

तक्तेसाहेबांनी नव्या टाइलकडे बोट दाखवलं. "तो... तिथे आत आहे."

मिस्त्री खोकले. "साहेब, डेपोत तक्ता लावणारी माणसं किती?"

"एकच."

"मग तुमचंही माझ्यासारखंच की!"

तेवढ्यात सासूबाईंनी उंबऱ्याशिवायच्या दारातून खुर्ची आत नेली, दांडी धरली, दोनदा गदगदा हलवली, आणि उठून उभ्या राहिल्या. दांडी तसूभरही हलली नाही.

"जावईबापू," त्या आतून म्हणाल्या, "इथली दांडी तुम्ही पक्की बसवलीत. पण डेपोत मारलेली त्याहून पक्की निघाली!"