पाचवं वाक्य

"अवर कॅट इज प्लकी," कांदा चिरता चिरता बायको मोठ्याने म्हणाली, आणि चहा पिणाऱ्या नवऱ्याने दचकून खाली पाहिलं. मांजर त्याच्या पायाशी झोपलं होतं.

या नवऱ्याचं कुलपांचं दुकान होतं आणि अख्खी गल्ली त्यांना कुलूपवाले म्हणत असे.

"मांजराचं काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"इंग्रजीच्या वर्गाचा अभ्यास. बाईंनी एक शब्द दिलाय, प्लकी. तो घालून घरादारातल्यांवर पाच वाक्यं करायची. रविवारी स्टेजवर म्हणून दाखवायची, घरच्यांना घेऊन यायचं. नाही जमलं तर पुन्हा पहिल्यापासून वर्ग."

"प्लकी म्हणजे?"

"आपण एवढेसे, समोरचं केवढं तरी मोठं, तरी मागे न हटणारा. आणि वाक्य खरं पाहिजे. खरं वाक्य माणूस विसरत नाही, असं बाईंचं म्हणणं आहे."

चार वाक्यं तयार होती. मांजराने शेजारच्या दांडग्या कुत्र्याला जिना चढू दिला नव्हता. लेकीने आपला हलता दात आपणच ओढून काढला होता. पोस्टमन आणि तळमजल्यावरची शिवणकाम करणारी यांचीही वर्णी लागली होती. पाचवं काही केल्या सापडत नव्हतं.

कुलूपवाल्यांनी कप खाली ठेवला, घसा खाकरला आणि वाट पाहिली. "घरात आणखी कोणी आहे का बघ," ते सहज बोलल्यासारखे म्हणाले.

"आई आहेत. पण त्यांनी अलीकडे तसं काही केलं नाही," बायको म्हणाली आणि दुसरा कांदा घेतला.

हे मात्र कुलूपवाल्यांना लागलं. तसे ते भित्रे नव्हते, फार तर सावध होते. कुलपं विकणारा माणूस बिनधास्त असेल तर त्याच्याकडून कुलूप घेणार कोण? बाहेर पडताना ते दाराचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत आणि पाल दिसली की खुर्चीवर चढत, पण हे सगळं धंद्याच्या शिस्तीत बसत होतं. तरी मांजराचा नंबर लागावा आणि आपला लागू नये, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. पाचवं वाक्य आपल्यावर झालं पाहिजे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

सोसायटीचा सेक्रेटरी रोज जिन्याच्या तोंडाशी स्कूटर लावायचा आणि कोणी काही बोललं की अंगावर यायचा. कुलूपवाले तावातावाने खाली गेले. त्यांची उंची सहा फूट, रुंदीही त्याच मानाने. त्यांना येताना पाहून सेक्रेटरी म्हणाला, "सॉरी, लगेच हलवतो."

"बघितलंस ना?" वर येऊन ते बायकोला म्हणाले.

"बघितलं. पण अहो, तो तुमच्या खांद्याला लागतो. तुम्ही असे चालून येताय आणि तो जागचा हलला नाही. वाक्य झालंच तर त्याच्यावर होईल."

मग ते शेजारच्या कुत्र्यासमोर जाऊन उभे राहिले. कुत्रा शेपटी हलवत त्यांचे बूट चाटायला लागला. सहा फुटी माणसाला समोर मोठं असं आणायचं कुठून? तेवढ्यात गच्चीवरची पाण्याची टाकी भरून वाहू लागली आणि प्लंबर संध्याकाळी येतो म्हणाला. टाकी उंच होती, तिची लोखंडी शिडी त्याहून उंच होती. कुलूपवाल्यांचे डोळे चमकले.

चढताना त्यांनी खाली पाहिलं नाही. वर जाऊन त्यांनी अडकलेला फ्लोट मोकळा केला, पाणी थांबलं, जमलेल्या बिऱ्हाडांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कोण वाजवतंय ते बघायला त्यांनी खाली पाहिलं आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. त्यांनी टाकीला मिठी मारली ती सोडेचनात.

"फायर ब्रिगेडला फोन लावा," ते वरून म्हणाले.

त्यांच्या आईंनी चष्मा काढून सुनेच्या हातात दिला आणि कोणी अडवायच्या आत त्या शिडी चढू लागल्या. सत्तरीच्या आई उभ्या राहिल्या तर लेकाच्या कोपराला लागत.

"आई, तू कशाला आलीस?"

"तू येत नाहीस म्हणून. डोळे मीट. तुझा घोटा माझ्या हातात आहे, मी ठेवीन तिथे पाय ठेव. बोलू नकोस."

पायरी पायरी करत आईंनी लेकाला खाली आणलं. संध्याकाळी स्वयंपाकघरातून पाचवं वाक्य ऐकू आलं.

"माय मदर-इन-लॉ इज प्लकी. शी क्लाइम्ड अ लॅडर टु ब्रिंग डाउन माय फ्रायटन्ड हजबंड."

माझी सासू प्लकी आहे, घाबरलेल्या नवऱ्याला उतरवायला ती शिडी चढली, एवढं कुलूपवाल्यांना कळलं.

"ते फ्रायटन्ड म्हणायलाच हवं का?"

"घाबरला नव्हतात?"

कुलूपवाल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "होतो."

बायकोलाही वाईट वाटलं, पण तिच्याकडे दुसरं वाक्य नव्हतं. रविवारपर्यंत ते घरात इतक्यांदा म्हटलं गेलं की दुकानात किल्ल्या घासताना कुलूपवाल्यांच्या तोंडात तेच येऊ लागलं.

रविवारी सभागृह भरलं होतं. आई ठेवणीतले कपडे घालून शेवटच्या रांगेत लेकाशेजारी बसल्या होत्या. बायकोने चार वाक्यं खणखणीत म्हटली आणि पाचव्याला ती थांबली. तिने छताकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. खरं वाक्य साफ विसरलं होतं. तिचे डोळे भरून आले.

शेवटच्या रांगेतली खुर्ची करकरली. सहा फुटी माणसाला उभं राहायला वेळ लागतो, तोवर सगळ्यांच्या माना वळल्या. शाळा सुटल्यापासून कुलूपवाले चार माणसांत बोलले नव्हते. त्यांनी धरलेली पुढची खुर्ची खडखड वाजत होती.

"माय मदर-इन-लॉ इज प्लकी," आपल्या सख्ख्या आईकडे बोट दाखवत ते म्हणाले. "शी क्लाइम्ड अ लॅडर टु ब्रिंग डाउन माय फ्रायटन्ड हजबंड." त्यांनी एक शब्द बदलला नाही, कारण बदलण्याइतकं इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

सभागृहात हशा पिकला. "तुमचा हजबंड?" बाईंनी विचारलं.

"हजबंड मीच, मॅडम. फ्रायटन्डसुद्धा मीच."

"बस आता," आईंनी सदरा ओढला.

"बसता येत नाहीये," ते हळूच म्हणाले. गुडघे ताठ झाले होते. चढणं जमलं होतं, उतरणं पुन्हा राहिलं होतं.

बायकोने डोळे पुसले. "बाई, पाचवं वाक्य बदलते," ती म्हणाली. "माय हजबंड इज प्लकी."

"बिकॉज?" बाई म्हणाल्या.

बायकोने नुसतं शेवटच्या रांगेकडे बोट केलं. बाईंनी तिकडे पाहिलं आणि तिला पास केलं.

घरी जाताना कुलूपवाल्यांना इतका आनंद झाला होता की तो लपवणंही त्यांना जमत नव्हतं. जिना चढताना आई मात्र सुनेला म्हणाल्या, "शिडी चढले मी, आणि वाक्य याला?"