उजवा कौल

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी आणि समित्या जास्त होत्या.

तिथे तानू गवा राहायचा. एका सकाळी चरता चरता तो धाडकन कोसळला. तोंड वाकडं, अर्धं अंग लुळं, वाचा बंद. त्याची बायको बायजा धावत डॉक्टर खवल्या मांजराकडे गेली.

खवल्याची जीभ लांब आणि बारीक. मानेच्या शिरेतून ती थेट डोक्यापर्यंत घालून तो रक्ताची गुठळी अलगद ओढून काढी. पण झटका एवढा मोठा असला, तर गुठळी काढून उपयोग होतो का? हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ठाऊक करून घेऊ!" घुबडदादा म्हणाले. ते संशोधन समितीचे अध्यक्ष. "निम्म्या रोग्यांना जीभ, निम्म्यांना नुसता पाला. कुणाला काय, ते आपण ठरवायचं नाही. देवाला कौल लावायचा."

देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांनी ओली पानं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर जीभ, डावं पडलं तर पाला. गुरव होते मोठ्या चोचीचे धनेशबुवा.

पान पडलं. डावं.

बायजा पाषाणापुढे आडवी उभी राहिली. "बुवा, परत लावा."

"परत?" घुबडदादा दचकले.

"देवाचं लक्ष नव्हतं," बायजा म्हणाली.

धनेशबुवांकडे पिढीजात गुरवकी. कौल उजवा येईस्तोवर लावायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. या खेपेला त्यांनी डावं पान जरा दाबून बसवलं. उजवं टपकलं!

खवल्यानं गुठळी काढली. काही दिवसांनी तानू लंगडत का होईना, उभा राहिला आणि म्हणाला, "आज गवत फार निबर आणलंस." बायजा आनंदानं रडली.

मग कोल्हीण नवऱ्याला घेऊन आली, मग भेकरी, मग साळिंदरीण. सगळ्यांचेच कौल उजवे. काही नवरे उठले, काही नाही उठले.

शेवटी घुबडदादांनी अहवाल वाचला. "पाला कुणालाच दिला नाही. तुलना कुणाशी करू? जिभेचा उपयोग सिद्ध झालेला नाही."

"मग मी चालतोय तो?" तानूनं विचारलं.

"योगायोग."

पलीकडच्या जंगलातल्या डॉक्टरांनी तो अहवाल नीट वाचला. तिथल्या गव्यांना अजून पालाच देतात.

तात्पर्य: विज्ञानासाठी त्याग अवश्य करावा. फक्त नवरा शेजारणीचा असावा.