थोरलीची स्मरणफेरी

बाळांनो, अनोळखी वाटेवर भरवसा कोणावर ठेवाल? ज्याच्या हातात भोंगा आहे त्याच्यावर, की जो सगळ्यांच्या पुढे चालतोय त्याच्यावर? उत्तराची घाई नको. शहाणं गिऱ्हाईक आधी माल पाहतं, मग भाव विचारतं. तुम्ही आधी गोष्ट ऐका.

एका जंगलात गव्यांचा कळप राहायचा. अंगाने डोंगराएवढे, पण रीतीला पक्के. कळपातली सर्वांत वयस्कर मादी पुढे चालणार, तिला थोरली म्हणायचं. थोरलीच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. ती चुकली तरी चुकली म्हणायचं नाही.

आणि झालं असं, की थोरली विसरायला लागली. पाणवठ्यावर जायची, पोटभर पाणी प्यायची आणि परतीची वाट विसरून भलतीकडे निघायची. पाणवठ्यापलीकडे कडा होता. एकदा तिची लेक येसू धावत पोचली म्हणून निभावलं.

तेव्हापासून आईला एकटं सोडायची सोय उरली नाही. पण येसूचं वासरू अंगावर पिणारं, त्याला टाकून रोज संध्याकाळी आईमागे जाणं जमेना. आईला पाण्यावर नेऊन परत आणणारं कुणीतरी तिला हवं होतं. तेवढंच.

ती रंगराव कोल्ह्याकडे गेली. आमटी कुठल्याही डाळीची असो, मीठ लागतंच. तशी समिती कुठलीही असो, अध्यक्ष म्हणून रंगराव लागायचाच. त्याने सगळं ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाला की हा एकट्या थोरलीचा प्रश्नच नाही, अख्ख्या जंगलाचा आहे. विसरण्यावर संशोधन झालं पाहिजे. घुबड ते करील. त्यासाठी आपण सगळे मिळून स्मरणफेरी काढू.

संशोधन व्हायलाच हवं, त्यात वाद नाही. येसूलाही ते पटलं.

"पण आज संध्याकाळी आईला कोण नेईल?" तिने विचारलं.

"ताई, तुम्ही फार बारीक विचार करता," रंगराव म्हणाला.

फेरीचा दिवस उजाडला. प्रवेशाला एकेक भारा गवत. बिबट्यानेही गंभीर चेहऱ्याने आपला भारा आणून टाकला. टी-शर्ट सगळ्यांना एकाच मापाचे. सशाचा जमिनीवर लोळत होता, सांबराचा शिंगांत अडकला होता आणि सायाळीने घालताक्षणी तिच्या टी-शर्टाची चाळण झाली. घुबडाचं भाषण ठेवलं होतं, पण वेळ सकाळची. ते व्यासपीठावर झोपलं. श्रोत्यांना वाटलं, चिंतन चाललंय.

रंगरावाने आधीच बजावलं होतं की विसराळूंना आणू नका, त्यांना दगदग होते. फोटोत ते भलतीकडे बघतात, हे त्याने मनात ठेवलं. येसूने आईला जांभळाखाली बसवलं आणि मी येईपर्यंत उठू नकोस म्हणून सांगितलं. लक्षात ठेवायची गोष्ट आपण कोणाला सांगतोय, याचा विचार तिने करायला हवा होता.

फेरी निघाली. रंगराव आघाडीला, पण उलटा चालत. वानर फोटो काढत होता, त्याला चेहरा दिसायला हवा. इकडे खुरांचा आवाज ऐकून थोरली उठली आणि सवयीने कळपाच्या पुढे येऊन चालू लागली. गवे अदबीने मागे सरले. गवे सरले म्हणून सांबरं सरली. सगळं जंगल थोरलीच्या मागे लागलं.

ती टेकडीला वळसा घालू लागली. एक वळसा झाला, दुसरा झाला. तेच वारूळ पुन्हा आलं. ते मघाशीच पाहिल्याचं सगळ्यांना जाणवलं, पण बोलेना कोणी. पाहिलं म्हणावं आणि नसलं पाहिलेलं, तर याचीही आठवण गेली म्हणून लोक बोट दाखवणार. त्यापेक्षा चालत राहिलेलं बरं.

मग थोरली पाणवठ्याकडे वळली. पाणवठा मागे पडला. पुढे कडा. रंगराव भोंग्यातून घोषणा देत उलटा कड्याकडे सरकतोय, थोरली त्याच्यावर चालून येतेय, आणि मागे सगळं जंगल.

येसूने आयुष्यात पहिल्यांदा आईच्या पुढे पाऊल टाकलं आणि ती आडवी उभी राहिली. गव्यांनी माना खाली घातल्या.

"आई, कुठं निघालीस?"

"मला गं काय ठाऊक," थोरली म्हणाली. "एवढी मंडळी निघालीत, म्हटलं यांना ठाऊक असेल."

रंगरावाची शेपटी तोवर कड्याबाहेर लोंबत होती. त्याने ती आत घेतली.

"आजी, आम्ही तुमच्यासाठीच चालतोय," तो म्हणाला.

"माझ्यासाठी? मग मला घरी सोडा."

कोणी टी-शर्टाकडे पाहिलं, कोणी आभाळाकडे. रंगरावाने भोंगा उचलला, फेरी यशस्वीरीत्या पार पडल्याचं जाहीर केलं आणि अल्पोपाहाराची दिशा सांगितली. पहिल्या आल्या म्हणून थोरलीच्या गळ्यात पदक घातलं. कड्यावरची गर्दी तिकडे पांगली.

तेवढ्यात भिवबा कासव येऊन पोचला. त्याचा टी-शर्ट अजून घडीचा होता.

"सुरू झाली का फेरी?"

"संपली, भिवबा," येसू म्हणाली.

"असू दे. मी तसा रोज पाण्यावर जातोच. उद्यापासून आजीला नेऊ का?"

"ती वाटभर तेच तेच सांगते हो."

"सांगू दे की. माझी वाट लांब असते."

दुसऱ्या दिवसापासून कासव पुढे आणि थोरली मागे. गव्यांना हे रीतीला सोडून वाटलं, पण थोरलीला चुकली म्हणायचं नाही, हीही रीतच.

तात्पर्य: विसराळूंसाठी चालायचं असेल, तर त्यांना घरीच बांधून ठेवावं. सोबत घेतलं की ते घरी सोडा म्हणतात आणि चांगल्या फेरीचा विचका होतो.

आणि बाळांनो, तुम्हीही अशा फेरीत जरूर चाला. फक्त हिशेब चोख ठेवा. कोणासाठी चाललात ते एका बाजूला मांडा, कोणाबरोबर चाललात ते दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू कोरी निघाली तर कोरीच राहू द्या, पण खोटी भरू नका.