एक किलो चारशे ग्रॅमची अळंबी

सोमवारी सकाळी मार्केताने नवऱ्यासमोर लोणी लावलेला पाव ठेवला आणि पावाशेजारी वर्तमानपत्र ठेवलं, चौथं पान वर येईल अशा बेताने. रादिम हाव्लासने आधी पाव उचलला. मग त्याची नजर पानावर गेली आणि घास तोंडातच राहिला. अर्धं पान भरून त्याचाच चेहरा होता. तान्हं बाळ धरावं तशी त्याने दोन्ही हातांत एक भलीमोठी तपकिरी टोपीची अळंबी धरली होती. खाली छापलं होतं, 'या आठवड्याची अळंबी. वजन एक किलो चारशे ग्रॅम. आपल्या क्लबचा बचावपटू रादिम हाव्लास, शनिवारी सकाळी, वेल्की लोमजवळच्या जंगलात.'

"आपल्या लग्नाच्या फोटोत तू इतका हसला नव्हतास," मार्केता म्हणाली.

"हा फोटो पेपरला कुणी दिला?"

"बाबांनी, अजून कोण देणार? मला एवढंच सांग, शनिवारी सकाळी तू कुठे होतास?"

"तुला माहितीये की. बाबांबरोबर होतो."

"मला माहितीये. तुझ्या ट्रेनरना काय माहितीये?"

ट्रेनर होलुबना असं माहीत होतं, की शनिवारी सकाळी रादिम पोट धरून अंथरुणात लोळत होता आणि म्हणून सरावाला आला नव्हता. रादिमने स्वतः फोन करून तसं सांगितलं होतं, मधून मधून कण्हतसुद्धा होता.

रादिम मुळात खोटं बोलणारा माणूस नव्हता. सोळा वर्षं तो फुटबॉलच्या बचावफळीत खेळत होता, पाच क्लबांतून. त्यातलं एक वर्ष सायप्रसच्या क्लबमध्ये राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून गेलं होतं, तेवढाच काय तो परदेश. एवढ्या वर्षांत त्याने दोन गोल केले होते आणि त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात. नाक तीनदा मोडलं होतं. पण त्याला चकवून पुढे जाणं सोपं नाही, असं समोरचे आघाडीवीरही कबूल करायचे. आता तो पस्तिशीला आला होता, उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरायचा आणि करार डिसेंबरात संपत होता. आणखी एक वर्ष मिळावं, एवढंच त्याचं मागणं होतं. सोमवारी सकाळी उठून सरावाला जायचं नाही, तर मग जायचं कुठे, या विचाराने त्याला खरोखर भीती वाटायची. आणि त्या कराराचं बोलायला चेअरमन दुशेकनी त्याला आजच, अकरा वाजता बोलावलं होतं.

मग त्याने सराव बुडवलाच का? तर सासऱ्यांमुळे. लुमीर सासरे पंचक्रोशीत अळंब्यांसाठी नावाजलेले. बाकीचे लोक जंगलातून अर्धी टोपली आणायचे तेव्हा हे दोन भरून आणायचे. पण जागा कुठली, ते त्यांनी सख्ख्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं रादिम त्यांच्या घरी अळंब्यांचं सूप पीत होता, वाळवलेल्या अळंब्यांच्या माळा बांधून देत होता, आणि 'कुठे मिळाल्या?' असं विचारलं की सासरे म्हणायचे, "जंगलात." शुक्रवारी मात्र अघटित घडलं. चार दिवस पाऊस पडून छान ऊन पडलं होतं. सासऱ्यांनी फोन केला आणि म्हणाले, "उद्या पहाटे पाच वाजता ये. टोपली आण. तुला जागा दाखवतो." अशा वेळी कुठला जावई म्हणेल, की माझा सराव आहे?

जंगलाच्या तोंडाशी सासऱ्यांनी त्याच्याकडून जागा कुणालाही न सांगण्याची शपथ घेतली होती. टोपी काढून, हात छातीवर ठेवून.

रादिमने पाव तसाच टाकला आणि सासऱ्यांना फोन लावला.

"बघितलास का?" सासऱ्यांचा आवाज आनंदाने फुलला होता. "चौथं पान. शेजारच्या त्या बेद्रझिखला जळवायला सकाळपासून तीनदा फोन केला मी. उचलत नाही."

"बाबा, मी शनिवारी आजारी होतो."

"आजारी कुठे होतास? चांगला धडधाकट होतास. सात पाव खाल्लेस."

"क्लबच्या लेखी आजारी होतो."

"मग हे आधी सांगायचं नाही का? मी लिहिलं असतं, आजारी बचावपटू."

ट्रेनर होलुब पेपर वाचत नाहीत, फक्त निकाल बघतात, ही एकच आशा उरली होती. पण क्लबच्या कँटीनमध्ये पेपर पडलेला असायचा. तो आधी जाऊन उचलायचा, असं ठरवून रादिम निघाला. रस्त्यात पेपरच्या टपरीवाल्या व्लास्ताबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याची बाहीच धरली.

"रादिम, काय रे हे. सोळा वर्षांत पहिल्यांदा तुझा फोटो आला बघ. आता सांग, कुठे?"

शपथ घेतलेला माणूस काय सांगणार? "जुन्या खाणीच्या मागे," तो म्हणाला.

बसमध्ये चढला तर ड्रायव्हरने दार लावलं, पण बस काही सोडली नाही. "आधी जागा, मग बस," ड्रायव्हर म्हणाला. मागच्या बाकांवरून कुणी तक्रार केली नाही, उलट सगळे पुढे सरकले. रादिमने घाईघाईत सांगितलं, "तळ्याकाठी, बर्चच्या झाडांत." क्लबच्या दारात माळीबुवा भेटले. त्यांना त्याने सांगितलं, रेल्वे पुलाच्या पलीकडे. कुणाला काय सांगितलं हे लक्षात ठेवायला हवं, असं त्याला वाटलं तोवर कँटीन आलं होतं. तिथे पेपर नव्हता.

पेपर चेअरमनसाहेबांच्या टेबलावर होता. फोटोभोवती लाल पेनने गोल काढला होता. टेबलामागे चेअरमन दुशेक बसले होते आणि खिडकीशी ट्रेनर होलुब हाताची घडी घालून उभे होते. पेपरच्या शेजारी कराराचा कागद होता, पालथा.

"पोट कसं आहे?" ट्रेनरनी विचारलं.

रादिमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ट्रेनरसाहेब, मी खोटं बोललो. चूक झाली माझी. जो दंड असेल तो..."

"ते राहू दे," ट्रेनर म्हणाले. "कुठे?"

"काय कुठे?"

"अरे, ही. एक किलो चारशे. कुठे मिळाली?"

"खाणीच्या... मागे."

ट्रेनर जवळ आले. "खाण तू व्लास्ताबाईंना सांगितलीस. ड्रायव्हरला तळं सांगितलंस. माझी बायको नऊ वाजल्यापासून तळ्याकाठी वाकून फिरतेय. आत्ता तिचा फोन आला होता, तिथे चाळीस माणसं आहेत आणि एक बेडूक."

चेअरमननी हात वर करून ट्रेनरना थांबवलं. दुशेक साहेब मोठे भारदस्त गृहस्थ, लाकडाच्या वखारीचे मालक. पण आज त्यांचा चेहरा उतरला होता. "हे बघ रादिम," ते म्हणाले, "माझी स्वतःची एक जागा आहे. चाळीस वर्षांची. काल रविवारी गेलो, तर एक अळंबी नाही. टोपलीत दोन पाइनची फळं घालून घरी आलो. सासूबाई आल्यात आठ दिवसांसाठी, त्यांच्यासमोर. तू मला तुझी जागा सांग, आम्ही शनिवारचं विसरतो आणि एक वर्षाचा करार करतो. नाही सांगितलीस तर आजारी असताना जंगलात फिरणाऱ्या खेळाडूचं काय करायचं, ते मला नियमात बघावं लागेल. तो बावीस वर्षांचा स्लोव्हाक पोरगा रोज फोन करतोय."

रादिमच्या पोटात आता खरंच दुखायला लागलं. एकीकडे करार, दुसरीकडे छातीवर हात ठेवून घेतलेली शपथ. "मी दिलाय शब्द," तो कसाबसा म्हणाला. "सासऱ्यांना."

हे ऐकून दोघेही गंभीर झाले. सासऱ्यांना दिलेला शब्द, आणि तोही जंगलातला, याची किंमत त्या खोलीतल्या सगळ्यांना कळत होती. "मग त्यांना विचार," चेअरमन म्हणाले. "बाहेर जाऊन विचार. आम्ही थांबतो."

रादिमने व्हरांड्यात येऊन फोन लावला आणि सगळं सांगितलं. सासरे रागावतील, फोन आपटतील, मार्केताला परत घेऊन जाईन म्हणतील, अशी त्याने मनाची तयारी केली होती.

"खोलीत कोण कोण आहे म्हणालास?" सासऱ्यांनी विचारलं.

"दुशेक साहेब आणि ट्रेनर."

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. "सांगून टाक," शेवटी सासरे म्हणाले.

"बाबा, तुम्ही खरंच म्हणताय?"

"खरंच. पण तोंडाने सांगायचं नाही. नकाशा मागव आणि बोटाने दाखव, हळूहळू, अगदी रेल्वे फाटकापासून. आणि ट्रेनर शेजारी उभा पाहिजे."

"ट्रेनर कशाला?"

"साक्षीला."

नकाशा आला. ट्रेनर चष्मा लावून टेबलावर ओणवे झाले. रादिमने रेल्वे फाटकावर बोट ठेवलं. स्वतःच्या सासऱ्यांचं घर फोडतोय, असं त्याला वाटत होतं आणि मनातून फार लाज वाटत होती. बोट फाटकावरून लाकूडतोड्यांच्या झोपडीपाशी आलं.

"हं," चेअरमन म्हणाले.

बोट डावीकडे वळून ओढ्याला लागलं. चेअरमन खुर्चीत पुढे सरकले. बोट ओढा ओलांडून शिकाऱ्यांच्या मचाणाकडे सरकलं, तसा चेअरमनच्या चेहऱ्याचा रंग जायला लागला.

"मचाणापासून पुढे," रादिम म्हणाला, "तीन ओक आहेत, तिथून उजवीकडे..."

चेअरमननी आपला कॉफीचा कप उचलला आणि दाणकन त्या तीन ओकांवर ठेवला. कॉफी हिंदकळून अर्धं जंगल बुडालं.

"होलुब," ते म्हणाले, "जरा दूध आणा."

"तुम्ही काळी घेता ना?"

"आजपासून दुधाची घेणार. कँटीनमधून आणा. गरम करून आणा."

ट्रेनर नकाशाकडे वळून वळून बघत गेले. दार लागल्यावर चेअरमननी रुमालाने कपाळ पुसलं. "कोण कोण गेलं होतं तिथे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मी आणि सासरे."

"किती मिळाल्या?"

"तीन टोपल्या. आणि ही."

चेअरमननी डोळे मिटून घेतले. "ती जागा मला माझ्या आजोबांनी दाखवलीय," ते म्हणाले. "माझ्या बायकोला माहीत नाही. माझ्या सख्ख्या भावाला माहीत नाही. आणि आता त्या होलुबला तीन ओकांपर्यंत माहीत झालीये."

रादिमला काय झालंय ते आत्ता कुठे कळलं. पण समोरचा गडबडला की आपण हलायचं नाही, जागेवर घट्ट उभं राहायचं, हे तो सोळा वर्षांत शिकला होता. तो गप्प उभा राहिला. चेअरमननी थोडा वेळ वाट बघितली, मग कराराचा कागद उलटा केला, 'एक' खोडलं आणि 'दोन' लिहिलं.

"होलुबनी विचारलं तर काय सांगू?" सही करता करता रादिमने विचारलं.

"सांग, बोलायला चुकलो, ओकांपासून डावीकडे. तिथे नुसती काटेरी झुडपं आहेत. जाऊ दे त्याला."

दुपारी रादिम थेट सासऱ्यांकडे गेला. ते ओट्यावर जुना पेपर पसरून अळंब्यांचे काप करत बसले होते. त्याने करार समोर ठेवला. सासऱ्यांनी हात पुसून तो नीट वाचला आणि दोन पेले भरले.

"बाबा, ती दुशेक साहेबांची जागा होती."

"होती ना. चार शरद ऋतू त्याच्या गाडीमागे सायकलवर फिरलो, तेव्हा कुठे सापडली."

"म्हणजे तुम्ही मला तुमची जागा दाखवलीच नाहीत." रादिमला नाही म्हटलं तरी वाईट वाटलं होतं, आणि ते त्याने लपवलं नाही. "अकरा वर्षं झाली, बाबा. मी करार पणाला लावून गप्प बसलो होतो."

सासऱ्यांनी सुरी खाली ठेवली. जावयाकडे त्यांनी मायेनेच बघितलं, त्याच्या खांद्यावर हातही ठेवला.

"गप्प बसला होतास, हे खरंय," ते म्हणाले. "पण नंतर फोन करून 'सांगू का' असं विचारलंस ना."