डाबो-जमणो

हे लिहिणारच नव्हतो. भूपेंद्र माझा दोस्त, उगाच हसं व्हायचं. पण राहवत नाही.

सत्त्याण्णव साली तो बी.एस्सी. होऊन शिरपूरहून आईसोबत सुरतला मामाकडे आला. इच्छापोरच्या एका औषध फॅक्टरीत लॅबसाठी मुलाखत होती. नाही जमलं तर सोमवारपासून मामाच्या कापडाच्या लूमवर, हे ठरलेलं.

साहेबांवर छाप पाडायला त्याने दोन रेणू बनवले. मध्ये बटाटा, म्हणजे कार्बन. त्याला काड्यांनी लिंबू, टोमॅटो, मिरची, लसूण टोचलेले. एक उजवा, एक डावा. चपलांच्या जोडासारखे; सगळं तेच, पण एकावर एक बसत नाहीत.

मुलाखतीच्या सकाळी त्याच्या आईने, शोभामावशीने, ते पाहिले. "यक उलटा व्हयी गया वाटस," म्हणत तिने डाव्यातलं लिंबू आणि टोमॅटो अदलाबदल केले. झाले दोन्ही उजवे! भूपेंद्र आंघोळीला गेलेला.

मी आधीपासून सुरतेत, म्हणून मुलाखतीला सोबत गेलेलो; साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर होतो. दार उघडंच.

"सर, एक राईट, एक लेफ्ट," भूपेंद्र ऐटीत म्हणाला.

साहेबांनी दुसरा बटाटा फिरवून पाहिला. "अरे भाई, आ पण जमणो?"

जमणो म्हणजे गुजरातीत उजवा; साहेब विचारत होते, हाही उजवाच का? भूपेंद्रला वाटलं, साहेब 'जमलं का' विचारतायत. गुजरातीत शेवटी ओ लावतात, एवढंच त्याला ठाऊक.

"हो सर, जमणो! दोन्ही जमणो! एकदम मस्त जमणो!"

मी कपाळ धरलं. साहेब मात्र खूश; चूक लगेच कबूल करणारा, औषधातली गल्लत लपवून रोग्याचा जीव न घेणारा माणूसच त्यांना हवा होता. "वाह! भूल तरत मानी लीधी! दवामां डाबुं-जमणुं बदलाय ने माणस छुपावे, तो दर्दी मरे. मने आवो ज माणस जोईए. सोमवारथी आवजो. अने डाबो लेता आवजो!"

भूपेंद्र नाचतच बाहेर आला. "भो, लागली नोकरी! साहेब किती चांगला! डबा पण आणायला सांगितला!"

"डबा नाही रे येड्या. डाबो! डावा! दोन्ही बटाटे उजवे आहेत तुझे."

त्याने पिशवीत डोकावलं, एक बटाटा फिरवला, दुसरा फिरवला. "मग मी आत काय कबूल करून आलो?"

"चूक. तीही आनंदाने."

"आता रे? मला काही समजलंच नव्हतं, हे साहेबांना कळलं तर?"

"डावा आपण रविवारी बनवू," मी म्हटलं. "आणि आजपासून रोज संध्याकाळी तुला गुजराती शिकवीन. तू कंटाळलास तरी सोडणार नाही. शब्द देतो."